लिटल मॅक, सपाट स्टेज आणि नांदेडकर भाऊंची हरकत

भाऊ, 'स्मॅश अल्टिमेट' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये कोणतं कॅरेक्टर कोणासमोर कितपत टिकतं, याच्या माझ्या मॅचअप चार्टवर तुम्ही भली मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून वेगळी पोस्टच करतोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मॅचअप हे हरणाऱ्याचं निमित्त, खेळणारा भारी असला की कॅरेक्टर कोणतंही चालतं. ६०-४०, ७०-३० हे जिंकायच्या शक्यतेचे आकडे मी हवेतून काढले. परदेशातल्या टियर लिस्टा (कॅरेक्टरांच्या वर-खाली क्रमवाऱ्या) बघून आपल्या इकडच्या पोरांना शिकवू नये. आणि खरा राग हा की मी लिटल मॅक या बॉक्सरला खालच्या रांगेत बसवलं. तुमच्या ग्रुपात तर त्याच मॅकने तुम्ही सगळ्यांना लोळवता, 'लैच इपितर कॅरेक्टर आहे' असं मित्र म्हणतात.

मॅकपासूनच सुरू करतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात कामाचं वाक्य तिथेच आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात: 'आम्ही फक्त फायनल डेस्टिनेशन लावतो, बाकी स्टेजं म्हणजे टाइमपास.'

स्टेज म्हणजे लढायचं मैदान, आणि फायनल डेस्टिनेशन म्हणजे सरळ सपाट जमीन, वर उडी मारून चढायला एकही तरंगता प्लॅटफॉर्म नाही. मॅकचा सगळा जीव जमिनीवरच आहे. धावतो झपाट्याने, ठोसे पटकन बाहेर पडतात, स्मॅश मारताना अंगावर आर्मर असतं त्यामुळे तुमचा वार बसला तरी त्याचा ठोसा थांबत नाही. मीटर भरलं की एका अपरकटमध्ये स्टॉक (एक जीव, समोरच्याला स्टेजबाहेर पार उडवलं की तो जातो) गेला समजा. हवेत मात्र हाच पठ्ठ्या अगदी दुबळा. उडी मारून केलेले वार नुसते टिचक्या मारल्यासारखे, आणि स्टेजबाहेर फेकला गेला की परत चढून येणं मुश्कील. सपाट स्टेजवर समोरच्याला शेवटी जमिनीवर उतरावंच लागतं, आणि खाली मॅक उभा. तुम्ही जिंकता यात नवल काहीच नाही.

आता बॅटलफील्ड लावा. तिथे तीन प्लॅटफॉर्म. समोरचा वर जाऊन बसला की मॅकला उडी मारून त्याच्यामागे जावं लागतं, म्हणजे जे येत नाही नेमकं तेच करावं लागतं. स्पर्धांत अल्टिमेटसाठी जी स्टेजं चालतात त्यातल्या बहुतेकांवर कुठे ना कुठे प्लॅटफॉर्म आहेच. माझ्या चार्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की तो स्पर्धेची स्टेजं धरून केलाय. तुमच्या ग्रुपातला मॅक राजा आहे हे खरं, आणि चार्टातला मॅक तळाशी आहे हेही खरं. दोघं वेगवेगळ्या जमिनीवर उभे आहेत.

ही गोष्ट फक्त नांदेडची नाही. याच मालिकेतल्या २०१४ च्या स्मॅशमध्ये ऑनलाइन खेळायला 'फॉर ग्लोरी' नावाचा मोड होता. त्यात आयटम बंद आणि स्टेजं सगळी सपाट. तिथे लिटल मॅकचा नुसता सुळसुळाट होता, लोक वैतागून गेले होते. त्याच गेमच्या स्पर्धांत, जिथे प्लॅटफॉर्म होते, तिथे तो वरच्या रांगेत कधी पोचला नाही. कॅरेक्टर तेच, गेम तोच, बदलली ती फक्त जमीन.

शिवाय तुमचे मित्र घेतात कोण? गॅननडॉर्फ आणि किंग के. रूल, असं तुम्हीच लिहिलंय. दोघेही जड आणि संथ. जिथे सगळेच संथ तिथे जमिनीवर चपळ असणारा वरचढ ठरणारच. ग्रुपातल्या एकाला जिगलीपफ घ्यायला लावा. ती खाली उतरायचं नावच घेत नाही. ठोसा मारायला जमिनीवर कोणी नसलं की मॅक काय करतो ते बघा.

यावरून मला जे खरं सांगायचंय तिकडे येतो. मॅचअप म्हणजे 'कोण भारी' याचा निकाल नव्हे. दोन कॅरेक्टर समोरासमोर उभी राहिली की तीन प्रश्न विचारायचे. जवळ जायची गरज कोणाला आहे? जाताना त्याचं काय पणाला लागतं? आणि एकदा चुकलं तर किती महागात पडतं? आकडा हा या तीन उत्तरांवर लावलेला शिक्का आहे, त्याहून जास्त काही नाही.

पहिला प्रश्न सगळ्यात मोठा, आणि आपल्याकडे तो कोणी विचारतच नाही. कबड्डीत आघाडीवर असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढू शकतो, पण तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. स्मॅशमध्ये तिसऱ्या चढाईचा नियमच नाही. अल्टिमेटच्या स्पर्धेत साधारण तीन स्टॉक आणि सात मिनिटं असतात. वेळ संपली की ज्याचे स्टॉक जास्त तो जिंकला, स्टॉक सारखे असले तर ज्याचा टक्का, म्हणजे खाल्लेला मार, कमी तो. म्हणजे एकदा आघाडी मिळाली की दुरून मारणारा नुसता बसून राहू शकतो. त्याच्याकडे जायचं ओझं सगळं समोरच्यावर. मग ज्याच्याकडे दुरून मारायला काही नाही आणि धावही कमी आहे, त्याच्यासाठी अर्धी लढाई तिथेच अवघड झाली. गॅननडॉर्फ घेणाऱ्या तुमच्या मित्राला विचारा, दुरून मारणाऱ्या सॅमससमोर कसं वाटतं.

सॅमसवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की नेसकडे पीएसआय मॅग्नेट आहे, तो सॅमसचे गोळे गिळून वर आपला टक्काही कमी करतो, म्हणून हा मॅचअप नेसच्या खिशात. वरवर बघितलं तर पटतं. पण मॅग्नेट गिळतं ते ऊर्जेचे मारे, म्हणजे चार्ज शॉट. सॅमसची मिसाइलं त्यात जात नाहीत. शहाणी सॅमस नेससमोर चार्ज शॉट दुरून सोडतच नाही. मिसाइलं टाकत राहते, नेसला उडी मारायला लावते, आणि तो उतरताना मारते. शॉट हातात राखून ठेवलेला असतो तो वेगळाच. मॅग्नेट धरून उभा राहिलेला नेस जागचा हलत नाही, तेवढ्यात जवळ जाऊन पकडता येतो. आता तिसरा प्रश्न घ्या. नेस स्टेजबाहेर गेला की पीके थंडरची ठिणगी फिरवून स्वतःच्याच पाठीवर मारून घेतो आणि उडून परत येतो. मध्येच सॅमसने बाहेर उडी मारून ती ठिणगी अंगावर घेतली तर सॅमसला थोडा मार बसतो, नेसचा मात्र स्टॉक जातो. एवढा हिशोब मांडल्यावर 'मॅग्नेट आहे म्हणून नेस जिंकला' हे वाक्य टिकत नाही. मी चार्टात तो मॅचअप जवळजवळ बरोबरीचा दाखवला तो यासाठी.

वजनाचं पण तसंच. अल्टिमेटमध्ये बाउजर १३५, मारिओ ९८, पिचू ६२. पिचू लवकर उडतो आणि बाउजर उशिरापर्यंत टिकतो, हे कोणीही सांगेल. पण बाउजरचं धूड एवढं मोठं आहे की एकदा कॉम्बोत, म्हणजे लागोपाठच्या वारांत, सापडला की बाहेर पडताना घाम फुटतो. टिकतो जास्त, खातोही जास्त. नुसतं वजन बघून मॅचअप सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आकड्यांचं आता पटकन उरकतो. ६०-४० कोणी तराजूत तोललेलं नाही, तो खेळणाऱ्यांच्या अनुभवाचा अंदाज असतो, आणि ६० की ५५ यावर भांडणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. पण तो आकडा तुम्हाला वाटतो तेवढा किरकोळ नाही. एका गेमला जिंकायची शक्यता ६० टक्के धरली, तर पाचपैकी तीन गेम जिंकायच्या सेटमध्ये ती साधारण ६८ होते. ७० टक्के धरली तर जवळपास ८४. ५५ असेल तर ५९, म्हणजे जेमतेम फरक. लांब सेटमध्ये छोटा फायदा फुगत जातो. घरी बसून एकेक गेम खेळताना जो मॅचअप 'चालतंय की' वाटतो, तो स्पर्धेत नडतो तो यामुळेच. खरं सांगू, माझ्या मनासारखं झालं तर मी आकडे काढून टाकून प्रत्येक जोडीला दोन वाक्यं लिहीन. पण मग लोक खाली येऊन विचारतात, 'ते सगळं ठीक, आकडा सांगा.'

आता तुमचा आवडता मुद्दा. खेळणारा भारी असला की कॅरेक्टर कोणतंही चालतं, आणि पुरावा म्हणून तुम्ही जपानच्या आम्सा या खेळाडूचं नाव घेतलंत. बरोबर आहे, २०२२ साली त्याने योशी हे कॅरेक्टर घेऊन 'द बिग हाउस १०' ही स्पर्धा जिंकली, आणि मेलीच्या (स्मॅश मालिकेतला जुना गेम) एवढ्या मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांत त्याआधी योशी दिसत नव्हता. पण त्याने काय केलं ते नीट बघा. तो वर्षानुवर्षं योशीलाच धरून बसला. योशीच्या दुसऱ्या उडीला असलेलं आर्मर, शील्ड नेमक्या क्षणी उघडून वार परतवणं, ही फक्त योशीकडे असलेली हत्यारं त्याने इतकी धारदार केली की समोरच्याचा जुना हिशोब चालेना. वर समोरच्याला योशीविरुद्ध सराव तरी कुठे करायला मिळतो? यातून मॅचअप नसतो असं सिद्ध होत नाही. योशीचे मॅचअप लोकांना नीट माहीत नव्हते, एवढंच सिद्ध होतं.

मेली यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. २००१ चा गेम, आत्ताच्या गेमसारखे इंटरनेटवरून येणारे अपडेट त्याला कधी आलेच नाहीत. एकाच आवृत्तीत कॅरेक्टरांच्या ताकदीत नंतर कोणी ढवळाढवळ केली नाही, तरी मतं बदलत गेली. जिगलीपफला सुरुवातीला कोणी वरच्या रांगेत धरत नव्हतं, आणि २०१६ च्या ईव्हो या मोठ्या स्पर्धेत हंग्रीबॉक्स नावाचा खेळाडू तीच घेऊन मेलीचा विजेता झाला. पण उलट बाजूही तिथेच आहे. अमेरिकेतल्या आवृत्तीत शीक कच्च्या कॅरेक्टरांना पकडायची, खाली आपटायची, आणि ते सावरायच्या आत पुन्हा पकडायची. त्या बिचाऱ्यांना खेळायलाच मिळायचं नाही. युरोपच्या आवृत्तीत ते आपटणं बदललं आणि सुटका शक्य झाली. खेळणारे तेच, हात तेच, एक थ्रो बदलला आणि किती जणांचे मॅचअप सुधारले. याला निमित्त म्हणायचं का? ब्रॉल या मालिकेतल्या पुढच्या गेममधला मेटा नाइट तर असा होता की त्याचा एकही मॅचअप वाईट नाही असं मानलं जायचं. २०११ च्या शेवटी अमेरिकेतल्या नियम ठरवणाऱ्या मंडळींनी त्याच्यावर बंदीच घालायचं ठरवलं. सगळ्या स्पर्धांनी ती पाळली नाही ते सोडा, पण एवढी सगळी माणसं रडकी होती असं तर नाही ना?

परदेशी टियर लिस्टांबद्दल तुम्ही म्हणता त्यात दम आहे, फक्त कारण वेगळं आहे. ती लिस्ट असं धरून चालते की खेळणाऱ्याला कॅरेक्टरकडचं सगळं येतं. आमच्या परभणीच्या ग्रुपात रिउ घेणारा एक जण आहे. कागदावर त्याचं कॅरेक्टर उत्तम, पण कमांड इनपुट (खास वारांसाठी ठरावीक क्रमाने दाबायची बटणं) ऐनवेळी निघत नाहीत, आणि मग नुसत्या हाडोकेनवर, म्हणजे दुरून सोडायच्या गोळ्यावर, दिवस काढतो. त्याच्यासमोर मॅचअप वाचून काय उपयोग? त्यात आमचा एकच स्विच (हा गेम चालतो ते यंत्र), मित्राच्या दुबईतल्या भावाने आणलेला. लाइट गेली की टीव्हीशिवाय हातातच धरून खेळायचं, छोट्या स्क्रीनवर चार डोकी वाकलेली. तिथे ८९ कॅरेक्टरांचा तक्ता पाठ करणं म्हणजे वेळ घालवणं. तुमच्या ग्रुपात जे चार-पाच मेन (नेहमी घेतली जाणारी कॅरेक्टरं) आहेत तेवढ्यांचाच तक्ता करा, त्यात स्टेजचा वेगळा रकाना घाला, आणि स्पर्धेची रीत लावा: गेम जिंकलेल्याने काही स्टेजं कापायची, हरलेल्याने उरलेल्यांतलं एक घ्यायचं, मग जिंकलेल्याने आधी कॅरेक्टर सांगायचं आणि हरलेल्याने नंतर. दोन आठवड्यांत तुमचा चार्ट माझ्याहून वेगळा दिसेल, आणि तुमच्यासाठी तोच खरा.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही विचारलंत की ब्राउलहाला या दुसऱ्या गेमवर असाच चार्ट कामून करत नाही, आपल्याकडे ते फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं. करतोय, पण त्याची मांडणीच वेगळी लागते. तिथे लेजंड (तिथलं कॅरेक्टर) कोणताही घ्या, मार लागण्याचा आकार सगळ्यांचा सारखाच. प्रत्येकाच्या ताकद, कौशल्य, बचाव आणि वेग यांची बेरीज २२. बॉडवार या लेजंडचंच बघा: सहा, सहा, पाच, पाच. साधे वार शस्त्राचे असतात, लेजंडचे नाहीत. भाला हातात असला की हातोरी काय नि ओरायन काय, हलके वार तेच. फरक सिग्नेचर, म्हणजे त्या-त्या लेजंडच्या खास, वारांत आणि त्या २२ च्या वाटणीत. त्यामुळे 'बॉडवार विरुद्ध ओरायन' असा एक आकडा लिहिण्यात अर्थच नाही. बॉडवारकडे तलवार आणि हातोडा, ओरायनकडे लान्स आणि भाला, आणि शस्त्रं वरून पडतात, ती उचलेपर्यंत हात रिकामे. दोघांच्या प्रत्येकी तीन अवस्था, म्हणजे एकाच जोडीचे नऊ प्रसंग, आणि एका स्टॉकच्या आतच ते बदलत राहतात. म्हणून लेजंड बाजूला ठेवून शस्त्र विरुद्ध शस्त्र असा तक्ता लावतोय. सध्या भाला विरुद्ध हातोडा चालू आहे.