कॅमेऱ्यांनी नेट खाल्लं

एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता, तेवढ्यावरून ऑफिसात सगळ्यांचं ठरलं की ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. मग ८ आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) आले ते सरळ माझ्याच गळ्यात. वेगळं नेटवर्क करूया का विचारलं तर सर म्हणाले, "कशाला रे, आहे त्याच राउटरला जोड की, जागा आहे त्यात." जागा होती, म्हणजे मागची भोकं रिकामी होती. चार वायरवर जोडले आणि चार वायफायवर, कारण भिंत खराब करायची नव्हती.

पहिल्याच दिवशी पार्किंगचा कॅमेरा आणि प्रिंटर दोघांचा आयपी सेम निघाला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! प्रिंटर चालू केला की पार्किंग गायब. ते निस्तरलं, तर नेट रांगायला लागलं. मीटिंगमध्ये समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं.

हिशोब केला तेव्हा घाम फुटला. एक कॅमेरा ४ एमबीपीएस, दिवसरात्र, सुट्टी नाही की जांभई नाही, म्हणजे दिवसाला एकाचे ४३ जीबी, आठांचे साडेतीनशेच्या आसपास. आमची १ टीबीची डिस्क तीन दिवसांत भरून जुनं पुसायला घेते, त्यामुळे चोराने सोमवारी यावं आणि आमच्या लक्षात शुक्रवारी यावं, सगळं माफ. त्यात वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि कॅमेरा हा असला पाहुणा की बोलायचा थांबतच नाही.

(१९९१ मध्ये केंब्रिजमधल्या कॉम्प्युटरवाल्यांनी कॉफीचं भांडं रिकामं झालंय का ते जागेवरून बघता यावं म्हणून नेटवर्कवर कॅमेरा लावला होता. १२८ बाय १२८ चं काळंपांढरं चित्र, मिनिटाला तीनेक. माणसाने तिथेच थांबायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.)

रात्रीचं तर विचारूच नका. कॅमेऱ्याजवळ किडे, किड्यांसाठी कोळी, कोळ्याचं जाळं बरोब्बर लेन्ससमोर, आणि वारा सुटला की २ वाजता माझ्या मोबाइलवर अलर्ट, "व्यक्ती दिसली". व्यक्तीला आठ पाय होते.

शेवटी राउटरमध्ये घुसून बघितलं कोण एवढं नेट ओढतंय, तर सरांचा मोबाइल! केबिनमध्ये बसून आठही कॅमेरे फुल एचडीत लावून काचेपलीकडच्या आम्हालाच बघत होते, आणि तिथूनच ओरडत होते की नेट स्लो आहे. मी गुपचूप सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं, कमी दर्जाचं चित्र, लावून दिला. तर म्हणे चेहरे नीट दिसत नाहीत. अहो सर, दार उघडा ना!

मग मी रविवारी येऊन कॅमेऱ्यांचं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर त्यांचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं केलं. सोमवारी नेट पळायला लागलं, सर सोडून सगळे खूश, कारण त्यांच्या मोबाइलवर आता काहीच दिसेना. मंगळवारी बघतो तर रेकॉर्डरच बंद, कोणीतरी प्लग काढलेला. सर भडकले, "फुटेज काढ, सगळ्यांसमोर लाव!" लावलं. शेवटच्या सेकंदाला एक हात मोबाइलचा चार्जर घेऊन सॉकेटकडे येतो आणि स्क्रीन काळी. हातावरचं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ सगळ्यांनी ओळखलं.

सर म्हणाले, "क्वालिटी बरी आहे रे."