बाहेरची माणसं आली होती

गेल्या रविवारी पुतण्या जेवायला आला होता. पुण्यात आयटीत आहे, हुशार आणि मनानं चांगला पोरगा. जेवण झाल्यावर त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "काका, तुम्ही जन्मभर सरकारी रेकॉर्ड सांभाळलंत. मला सांगा, साठ लाख ज्यू मारले म्हणतात, त्याचा हिटलरच्या सहीचा एक तरी हुकूम आहे का?" ग्रुपवर कुणीतरी पाठवलेला लांबलचक मेसेज होता. आकडा फुगवलाय, सगळा जेत्यांनी रचलेला बनाव आहे, असं काय काय त्यात होतं.

त्या वेळी मी नीट बोलू शकलो नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा रेकॉर्ड रूममध्ये. भाऊबंदकीच्या वादात हरायला आलेला माणूस नेमका असा कागद मागतो, जो कधी झालेलाच नसतो. वाटणी तोंडी झालेली असते. चाळीस वर्षं जो तो आपला तुकडा कसत असतो, पीकपाहणीला नावं लागलेली असतात, पाणीपट्टी वेगवेगळी भरलेली असते. तरी हा म्हणणार, वाटणीपत्र दाखवा. मग तहसीलदार पीकपाहणी बघतो, पावत्या बघतो, शेजारच्या बांधकऱ्यांचे जबाब घेतो आणि निकाल देतो.

हिटलरच्या सहीचा लेखी हुकूम सापडलेला नाही, हे खरं आहे. इतिहासकार ते लपवतही नाहीत. पण 20 जानेवारी 1942 ला बर्लिनच्या वान्से भागात ज्यूंच्या संहाराच्या आखणीसाठी बड्या नाझी अधिकाऱ्यांची बैठक झाली, तिचं इतिवृत्त आहे. तीस प्रतींतली सोळावी प्रत 1947 मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींत सापडली. कुठल्या देशात किती ज्यू, याचा त्यात तक्ताच आहे. 4 ऑक्टोबर 1943 ला एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर यानं पोझनानमध्ये आपल्या अधिकाऱ्यांपुढं या संहाराबद्दल उघड भाषण केलं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका तारेनं. 11 जानेवारी 1943 ला हेरमान होफ्ले नावाच्या एसएस अधिकाऱ्यानं लुब्लिनहून ती पाठवली. ब्रिटिशांनी ती वाटेत पकडून उलगडली, पण त्यांना तिचा अर्थ लागला नाही. कागद त्यांच्या दप्तरात पडून राहिला, तो 2000 साली अभ्यासकांच्या नजरेत आला. तारेत चार अक्षरं आहेत आणि प्रत्येकापुढं आकडे. एल म्हणजे लुब्लिनची मायदानेक छावणी, बी म्हणजे बेल्झेक, एस म्हणजे सोबिबोर, टी म्हणजे ट्रेब्लिंका. 1942 अखेरपर्यंतची एकूण आवक. आवक! आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची लिहितात, तशी माणसांची. बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंकाला गाडीतून उतरलेली बहुतेक माणसं काही तासांत मारली जात होती.

मी वही घेऊन बेरीज केली. 24,733, मग 4,34,508, मग 1,01,370, मग ट्रेब्लिंकापुढं 71,355. तारेतली एकूण संख्या 12,74,166. बेरीज काही केल्या जुळेना. अभ्यासकांनी तिथं 7,13,555 धरलंय, तसं धरलं की बेरीज शेवटच्या एककापर्यंत जुळते. तार उतरवताना कुणाच्या तरी हातून एक पाच गळला होता. अशी चूक मी लाल शाईनं शेकडो वेळा दुरुस्त केली आहे, पण पेन खाली ठेवून देवघरापुढं जाऊन बसावं लागलं, असं त्या एकाच बेरजेनं केलं. गळालेल्या पाचामागं सहा लाखांवर माणसं होती.

आकड्यांवर प्रश्न विचारूच नयेत, असं मी म्हणत नाही. आउश्वित्झ छावणीच्या स्मारकावर आधी सोव्हिएत चौकशीतला चाळीस लाखांचा आकडा होता. फ्रान्सिशेक पिपर या पोलिश इतिहासकारानं गाड्यांच्या नोंदी तपासून तो साधारण अकरा लाखांवर आणला आणि स्मारकावरचा मजकूर बदलला गेला. साठ लाखांच्या हिशेबात अभ्यासकांनी ते चाळीस लाख कधी धरलेलेच नव्हते. पिपरला खरं काय ते हवं होतं. पुतण्याला आलेल्या मेसेजमध्ये मात्र हीच दुरुस्ती "बघा, खोटं पकडलं" म्हणून घातली होती.

1971 च्या बांगलादेशचंही तसंच. पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगानं आपल्या लष्करानं दिलेला सुमारे 26,000 मृतांचा आकडा ग्राह्य धरला, बांगलादेश तीस लाख सांगतो, अभ्यासकांचे अंदाज या दोहोंच्या मध्ये वेगवेगळे आहेत. हा वाद प्रामाणिकपणे घालता येतो. पण त्याच्या आडून कुणी "म्हणजे काही झालंच नाही" म्हणायला लागला, की ढाक्यातल्या रायेरबाजारचं नाव घ्यावं. शरणागतीला दोन दिवस राहिले असताना प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार यांना घरातून उचलून नेलं आणि तिथल्या वीटभट्टीजवळ मारून टाकलं.

आता माणूस हे का नाकारतो, याचं मला समजलेलं कारण सांगतो. ते मला पुस्तकात मिळालेलं नाही, घरात मिळालं.

30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता एवढ्यावरून साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांचे वाडे, घरं, दुकानं पेटवली गेली. आमच्याकडं त्याला नुसतं 'जळीत' म्हणतात. हा वंशसंहार नव्हता. राफाएल लेमकिन या कायदेतज्ज्ञानं 1944 मध्ये घडवलेला तो शब्द त्याच 1948 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या करारात आला. एखादा समूह, समूह म्हणून पुरता किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असेल तरच तो लागू होतो. जळिताला तो चिकटवणारे हल्ली दिसतात, ते चूक करतात. पण जे झालं ते झालंच होतं.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, तेव्हा बारा वर्षांचे. जळिताचा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य असायचं, "बाहेरची माणसं आली होती." मीही कितीतरी वर्षं तेच सांगत फिरलो. नोकरीत असताना एकदा गावठाणाचा जुना नकाशा हातात आला. जळालेली घरं गल्लीत सलग नव्हती. एक जळालेलं, तीन शाबूत, पुन्हा एक जळालेलं. बाहेरच्या माणसाला हे घर कुणाचं नि ते कुणाचं, कसं कळलं असेल? मी आण्णांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, उठून गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

आण्णा खोटारडे नव्हते. शेजाऱ्याच्या बांधावरची वैरणसुद्धा न घेणारा माणूस. त्यांचा जीव आपल्या वडिलांवर होता आणि ते वाक्य त्या जिवासाठी होतं. तुर्कस्तानात पिढ्यानपिढ्या लोक 1915 च्या आर्मेनियनांच्या कत्तलीला 'युद्धातली हाल-अपेष्टा' म्हणतात, तेव्हा मला आण्णांचा चेहरा दिसतो. आपला देश ज्यांनी उभा केला त्यांच्यातली काही माणसं त्यात होती, हे कबूल करायचं म्हणजे आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवावा लागेल, असं त्यांना वाटतं. सरकारच्या नकाराबद्दल मला अशी माया वाटत नाही. सरकारकडं दप्तर असतं.

यावर इलाज म्हणून कुणी कायदा सांगतात. जर्मनीत, फ्रान्समध्ये ज्यूंचा संहार नाकारणं गुन्हा आहे. त्यांच्या भूमीवर जे झालं ते बघता मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मला कायद्याचा भरवसा वाटत नाही. ह्रांट डिंक हा इस्तंबूलचा आर्मेनियन संपादक. याच विषयावर लिहिल्याबद्दल 'तुर्कत्वाचा अपमान' म्हणून 2005 मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली आणि 19 जानेवारी 2007 ला त्याच्या कचेरीच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. कायदा ज्याच्या हातात, खरं त्याच्या सोयीचं. त्याच्या अंत्ययात्रेत मात्र हजारो तुर्क "आम्ही सगळे आर्मेनियन" असे फलक घेऊन चालले.

मला पटतो तो चिकाटीचा मार्ग. डेव्हिड अर्व्हिंग या इंग्रज लेखकानं आपल्याला संहार नाकारणारा म्हटलं म्हणून लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा रिचर्ड एव्हान्स या इतिहासकारानं दोन वर्षं बसून त्याच्या तळटीपा मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. एप्रिल 2000 मध्ये अर्व्हिंग हरला. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै 1995 मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले, मग पुरावा राहू नये म्हणून यंत्रांनी थडगी उकरून प्रेतं दुसरीकडं पुरली. एकाच माणसाची हाडं तीन-तीन ठिकाणी निघाली. डीएनए जुळवून ती एकत्र केली आणि आईच्या हवाली केली.

आणि वॉर्सातली ती माणसं. इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या सोबत्यांनी, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली पत्रं, रेशनकार्डं, शाळेच्या वह्या, जबाब गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवले. पहाटे संघाला दूध घालायला नेतो, तसले कॅन. पेट्या 1946 मध्ये सापडल्या, आत पाणी शिरलं होतं. कॅन 1950 मध्ये निघाले, त्यातले कागद बरे राहिले. भिजलेला कागद वेगळा करणं काय असतं ते मला माहीत आहे. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या रॅकपर्यंत आलं. तीन आठवडे आम्ही पानापानात कोरा कागद घालून पंख्याखाली बसत होतो. तेव्हा एक गृहस्थ दारात येऊन विचारून गेले, "फेरफारची वही गेली का हो?" त्यांच्या आवाजात आशा होती.

पुतण्याला मी ग्रुपवर उत्तर देणार नाही. येत्या रविवारी त्याला शेजारी बसवून तीच बेरीज करायला लावणार आहे. नंतर माळ्यावरचं एक गाठोडं दाखवणार आहे.

त्या गाठोड्यात झोपाळ्याच्या पितळी कड्या आहेत. आमच्या घरात झोपाळा कधीच नव्हता. आण्णा म्हणायचे, बाजारातून आणल्या. महापुराच्या आदल्या वर्षी पुण्याहून एक वयस्कर गृहस्थ वाड्याच्या जागेचा जुना उतारा मागायला आले होते. मी नक्कल काढेपर्यंत ते बाकावर बसून सांगत होते, की चौकात झोपाळा होता आणि आग लागली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. मी सही केली, शिक्का मारला, वीस रुपयांची पावती दिली आणि एक शब्द बोललो नाही.

त्यांचा अर्ज पुरात गेला, पत्ता माझ्याकडं नाही. हे त्यांच्या किंवा त्यांच्या मुलाबाळांच्या वाचनात आलं तर मला मेसेज करा. एकूण चार कड्या आहेत, प्रत्येकीच्या मधोमध मोर आहे आणि त्यातल्या एका मोराची चोच तुटलेली आहे.