'दहा सेकंदांचं काम' : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्क्रिप्टमधून बेस-६४ चा मजकूर (कुठलाही डेटा साध्या ६४ अक्षरांत मांडायची पद्धत) फाईलमध्ये लिहिताना नको तिथे ओळ का तुटते, या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी टोपणनावाने प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देतो. त्यातलं टीआर म्हणजे नको ती अक्षरं गाळणारी लिनक्सची आज्ञा, बॅकस्लॅश आर आणि बॅकस्लॅश एन ही ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं, आणि पॉवरशेल म्हणजे विंडोजची कमांड लाईन:

"लेख वाचला. ओळ का तुटते यावर एवढं पाल्हाळ लावायची गरज नव्हती. शेवटी टीआर लावून बॅकस्लॅश आर आणि बॅकस्लॅश एन दोन्ही उडवायचे, दहा सेकंदांचं काम. मॅकबद्दल एक शब्द नाही, पॉवरशेलबद्दल नाही. ज्यांनी प्रत्यक्ष प्रॉडक्शनमध्ये हात घातलेला नाही त्यांनी असे लेख लिहू नयेत."

साहेब, प्रतिक्रियेबद्दल आभार. शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तर बहुधा मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. लेखातली चूक दाखवा, मी ऐकून घेईन. पण मी कुठे काम केलं आहे हे विचारायची तसदी न घेता तुम्ही निकाल देऊन टाकलात. असं बोलणं समोरासमोर कोणी खपवून घेत नाही, मग लिहिताना ते चालतं असं का वाटावं?

विषय काढलाच आहे तर सांगतो. मी गिरगावात डीटीपीच्या टेबलावर शिकलो. तेव्हा मराठी मजकूर आठ बिटांच्या फॉन्टमध्ये असायचा. फॉन्ट बदलला की 'क' च्या जागी भलतंच काही उमटायचं, त्यामुळे पडद्यावरच्या अक्षरामागे एक आकडा बसलेला असतो हे मला पुस्तकातून नाही, पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, शिव्या खाऊन कळलं. नंतर लोअर परळला रात्रपाळीत डेटा कन्व्हर्जन केलं. पहाटेच्या लोकलच्या आधी फाईल गेली नाही तर सकाळी फोन कोणाला येतो, हे मला सांगायला नको. प्रॉडक्शन म्हणजे आणखी वेगळं काही असेल तर ते तुम्ही सांगा.

मॅकचा मुद्दा मान्य. मॅकवरचा बेस-६४ मुळातच ओळ तोडत नाही, तोडून हवी असेल तर मायनस बी हा पर्याय देऊन लांबी सांगावी लागते. हे एक वाक्य लेखात असायला हवं होतं, आज घालतो. पॉवरशेलचं म्हणाल तर आऊट-फाईल किंवा सेट-कंटेंटला नो-न्यूलाईन द्या आणि एन्कोडिंग स्वतः सांगा. लेख बॅशचा, म्हणजे लिनक्सच्या कमांड लाईनचा होता, त्यात याहून जास्त लिहिण्याचं कारण नव्हतं. पाल्हाळाबद्दल मी बोलत नाही. ज्याला नको त्याने वाचू नये.

आता तुमचं मधलं वाक्य. 'टीआर लावून दोन्ही उडवायचे, दहा सेकंदांचं काम.' तुम्हाला वाटतंय की लेखाची गरजच या वाक्यात संपते. मला वाटतं, लेख लिहावा लागला तो याच वाक्यामुळे. मुंबईत पावसाळ्यात छत गळलं की खाली बादली ठेवणारे आणि वर गच्चीत जाऊन बघणारे, दोन्ही प्रकारची माणसं असतात. बादली भरेपर्यंत दोघांचं छत सारखंच दिसतं.

आधी बेस-६४ च घ्या. ग्नूच्या कोअरयूटिल्समधला, म्हणजे लिनक्ससोबत येणाऱ्या मूळ आज्ञांमधला, बेस-६४ दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडतो, कारण ईमेलच्या माइम मानकात, १९९६ च्या आरएफसी २०४५ मध्ये, तीच कमाल लांबी आहे. ओपनएसएसएल हे एन्क्रिप्शनचं साधन ६४ ला तोडतं, ती सवय पेम फाईलची (सर्टिफिकेट आणि किल्ल्या ठेवायचा मजकुरी प्रकार). म्हणून मी लेखात लिहिलं होतं की पहिल्या ओळीची लांबी मोजा, कोणी तोडली ते तिथेच कळतं. ७६ असेल तर कोअरयूटिल्स किंवा पायथनचं एन्कोडबाइट्स. ६४ असेल तर ओपनएसएसएल किंवा विंडोजचं सर्टयूटिल. पहिल्याला मायनस डब्ल्यू शून्य द्या, ओपनएसएसएलला मायनस मोठा ए द्या, पायथनमध्ये बी-६४-एन्कोड वापरा. ब्रेक पडणारच नाही, तर उडवायचा कशाला? २००६ च्या आरएफसी ४६४८ मध्ये तर स्पष्ट म्हटलं आहे की वरच्या मानकाने सांगितल्याशिवाय एन्कोडेड मजकुरात ओळी तोडायच्या नाहीत.

निव्वळ बेस-६४ च्या मजकुरावर तुमचं टीआर चालतं, हे मी नाकारत नाही. ती सगळी साधी आस्की अक्षरं आहेत. पण जो ब्रेक एन्कोड होण्याआधीच आत शिरला त्याचं काय करणार? इको या मजकूर छापणाऱ्या आज्ञेने पासवर्ड पाइपमधून बेस-६४ ला दिला की इको शेवटी एक न्यूलाईन जोडतो आणि तीही एन्कोड होते. इकोने 'मुंबई' ची रोमन सहा अक्षरं देऊन बघा. शेवटी मोठा सी, लहान जी आणि दोन बरोबरची चिन्हं येतील. ती 'सीजी' म्हणजे तुमची न्यूलाईन. ती आता ब्रेक राहिलेली नाही, अक्षरं झाली आहे. टीआर तिच्यावरून हजार वेळा फिरवा, काहीही होणार नाही. कुबरनेटिस या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या प्रणालीच्या सीक्रेटमध्ये, म्हणजे पासवर्ड ठेवायच्या जागेत, असा पासवर्ड गेला की लॉगिन होत नाही, आणि माणूस पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासत बसतो, कारण डोळ्यांना तो बरोबरच दिसतो. उपाय इकोच्या जागी प्रिंटएफ. तो उगमापाशी आहे, शेवटी नाही.

उलट बाजूही आहे. सर्टिफिकेटच्या पेम फाईलमध्ये वरची बिगिनची आणि खालची एंडची ओळ वेगळीच असावी लागते. सगळे ब्रेक उडवलेत तर ओपनएसएसएल ती फाईल वाचणार नाही. विंडोजवर पायथनने सीएसव्ही लिहिताना ओपनमध्ये न्यूलाईन रिकामी ठेवली नाही तर प्रत्येक ओळीमागे एक कोरी ओळ येते. कारण सीएसव्ही मॉड्यूल स्वतः सीआर-एलएफ (बॅकस्लॅश आर आणि बॅकस्लॅश एन) लिहितं आणि टेक्स्ट मोड त्यातल्या एलएफच्या आधी आणखी एक सीआर घालतो. तुमच्या पद्धतीने त्या कोऱ्या ओळी जातील हे खरं. सोबत ग्राहकांची सगळी यादी एका ओळीत येईल.

इथपर्यंत कोणीही म्हणेल की बुवा, थोडं जपून वापरावं. मला राग आला तो पुढच्या गोष्टीसाठी, कारण ती आपल्या लिपीची आहे आणि तुम्ही मराठीत लिहिता आहात.

विंडोज १० आणि ११ सोबत जो पॉवरशेल ५.१ येतो, त्यात 'मोठं' (>) हे चिन्ह वापरून फाईलमध्ये मजकूर टाकला की फाईल यूटीएफ-१६ लिटल एंडियन या, अक्षरांचे आकडे साठवायच्या पद्धतीत बनते. यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर दोन बाइटचं असतं. 'ऊ' चा युनिकोड क्रमांक ०९०ए (क्रमांक आणि बाइट इथे सोळाच्या पायात लिहिले आहेत, ए ते एफ हेही अंकच). लिटल एंडियन असल्याने फाईलमध्ये उलट क्रमाने लिहिला जातो: ०ए, मग ०९. आणि ०ए म्हणजे काय? तुमचा बॅकस्लॅश एन. टीआर अक्षरं ओळखत नाही, एकेक बाइट बघतं. त्याच्या लेखी 'ऊ' चा पहिला अर्धा भाग म्हणजे लाईन ब्रेक.

बॅकस्लॅश आर म्हणजे ०डी. आपण 'कऱ्हाड', 'शेतकऱ्यांचा', 'ऱ्हास' लिहितो तेव्हा तो अर्धा र काही कीबोर्ड एका अदृश्य जोडचिन्हाने लिहितात, झिरो विड्थ जॉइनर. त्याचा क्रमांक २००डी. फाईलमध्ये ०डी, मग २०. तोही तुमच्या टीआरच्या तावडीत.

हे मी कागदावर मांडलेलं गणित नाही. रात्रपाळीच्या दिवसांत एका संस्थेच्या सभासदांची यादी लिफाफ्यांवरच्या पत्त्यांसाठी आली होती. संस्थेचं नाव घेत नाही. यादी विंडोजवर बनलेली, आमच्याकडे लिनक्स. ओळीच्या शेवटी नको ते ब्रेक येतायत म्हणून आमच्याकडे फाईल यायच्या आधीच कोणीतरी हीच तुमची आज्ञा चालवली होती. यूटीएफ-१६ मध्ये ओळीचा शेवट चार बाइटचा असतो: ०डी, ००, ०ए, ००. त्यातले दोन गेले की दोन शून्यं उरतात. तो एक कोरा कॅरॅक्टर, पडद्यावर रिकाम्या जागेसारखा दिसतो किंवा दिसतही नाही. अक्षरांच्या जोड्या मात्र सरकत नाहीत. म्हणजे फाईल उघडली की वाटतं, काम झालं! तुमचे दहा सेकंद.

यादी खाली सरकवत गेलो तर एका 'ऊर्मिला' पाशी 'ऊ' गायब, आणि तिथून पुढे चिनी वाटणारी अक्षरं, मधेच एखादा कंस, मधेच चौकोन. पानंच्या पानं तसं. आणि पुढे एका 'कऱ्हाडकर' आडनावाच्या मध्यापासून, 'ह' पासून, पुन्हा स्वच्छ मराठी. सगळे चक्रावले. कोणी म्हणालं व्हायरस, कोणी म्हणालं फॉन्ट नाही. ओडी ही बाइट दाखवणारी आज्ञा लावून बघितलं तेव्हा उलगडा झाला. 'ऊ' मधला ०ए खाल्ला गेल्यावर उरलेला ०९ पुढच्या 'र' च्या ३० शी जोडला गेला. तीस-शून्य-नऊ झालं, आणि ते तर पूर्व आशियाई छपाईतलं कंसाचं चिन्ह. तिथून प्रत्येक अक्षर अर्ध्याने सरकलं. 'कऱ्हाडकर' मध्ये ०डी खाल्ला गेला तेव्हा ते पुन्हा अर्ध्याने सरकलं आणि ताळ्यावर आलं. एका 'ऊ' ने बिघडवलं, एका अर्ध्या 'र' ने सावरलं. मधल्या सगळ्या माणसांचे पत्ते गेले. मूळ फाईल विंडोजच्या मशीनवर शिल्लक होती म्हणून निभावलं.

आता सांगा, मी लेखात 'आधी एन्कोडिंग बघा, मग ब्रेकला हात लावा' असं लिहिलं ते पाल्हाळ होतं का? तुमच्या इंग्रजी लॉगमध्ये हे कधीच घडणार नाही. आस्कीतल्या कुठल्याच छापील अक्षरात ०ए नाही, आणि यूटीएफ-१६ मध्ये त्यांचा दुसरा बाइट शून्य असतो. म्हणून तुम्हाला हे दिसलं नसेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्हाला दिसलं नाही म्हणून माझ्यावर 'हात घातलेला नाही' असा शिक्का मारायचा, हे कुठल्या रीतीत बसतं?

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण खालच्या दुसऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे की मग मराठी मजकुरावर टीआर वापरायचंच नाही का. वापरा, पण यूटीएफ-८ वर. तिथे आस्कीबाहेरच्या कुठल्याही अक्षराचा प्रत्येक बाइट ८० किंवा त्याच्या वरचा असतो. 'ऊ' तिथे ई०, ए४, ८ए असा तीन बाइटचा होतो, आणि जोडचिन्ह ई२, ८०, ८डी. ०ए दिसला तर तो खराच लाईन ब्रेक. म्हणून आधी आयकॉन्व्हने यूटीएफ-१६ चं यूटीएफ-८ करून घ्या. विंडोजवर पर्ल या भाषेतून यूटीएफ-१६ लिहिणाऱ्यांना हाच त्रास उलट्या दिशेने होतो. तिथे सीआर-एलएफचा थर एन्कोडिंगच्या खाली बसतो आणि प्रत्येक ०ए च्या आधी सुटा ०डी घुसवतो, 'ऊ' मधल्यासुद्धा. ओपन करताना आधी रॉ, मग एन्कोडिंग, मग सीआर-एलएफ असा क्रम दिला की तो बंद होतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तिला उत्तर द्यायचं असेल तर एक करा. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये 'ऊस' आणि 'ऊन' या दोन ओळींची फाईल बनवा, लिनक्सवर आणून तुमची आज्ञा चालवा आणि ओडीचं आउटपुट, आज्ञेच्या आधीचं आणि नंतरचं, खाली चिकटवा. पहिले दोन बाइट एफएफ आणि एफई दिसतील, ती यूटीएफ-१६ लिटल एंडियनची खूण. ते दिसल्यावरही दोन्ही उडवावेत असं तुम्हाला वाटत असेल तर तसं लिहा, मी पुन्हा उत्तर देईन.