चित्रपुस्तक काउंटरमागे कसे ठेवावे

दोन माता आणि त्यांनी दत्तक घेतलेली मुले दाखवणारे चित्रपुस्तक आपल्या शाळेच्या ग्रंथालयात शिरल्याचे ध्यानात आले, तर घाबरून जाऊ नये. अमेरिकेतील यूटा राज्याच्या डेव्हिस शालेय जिल्ह्याने २०१२ साली घालून दिलेला धडा समोर ठेवून शांतपणे कामाला लागावे. तेथे बालवाडीतले एक मूल पॅट्रिशिया पोलाको यांचे ‘इन अवर मदर्स हाऊस’ घरी घेऊन आले आणि पालकांची झोप उडाली.

आधी पुस्तक स्वतः वाचावे, म्हणजे धोका नेमका कोठे दडला आहे ते कळते. बर्कली शहरातील एका घरात दोन स्त्रिया तीन मुलांना दत्तक घेतात, सगळे मिळून स्वयंपाकघरात राबतात, गल्लीतल्या शेजाऱ्यांना गोळा करून जेवणावळी घालतात. असला मजकूर कोवळ्या वयात वाचनात आला, तर घर म्हणजे भाजी चिरणे आणि माणसे जेवू घालणे, असा मुलांचा कायमचा समज व्हायचा. शेजारची एक बाई मात्र या कुटुंबाकडे रागाने पाहते आणि आपल्या मुलांना तिकडे फिरकू देत नाही. अख्ख्या पुस्तकात आपल्या बाजूचे पात्र तेवढेच असल्यामुळे पाने फाडण्याची वेळ आलीच, तर तिचे पान जपून ठेवावे.

‘बंदी’ हा शब्द चुकूनही उच्चारू नये. डेव्हिसमध्येही पुस्तक फक्त शेल्फवरून उचलून काउंटरमागे ठेवले आणि पालकांची लेखी परवानगी आणणाऱ्या मुलालाच ते मिळेल, असे ठरवले. कारण विचारल्यावर लैंगिक शिक्षणाच्या कायद्याकडे बोट दाखवण्यात आले, कारण समलैंगिकतेचा पुरस्कार शिकवण्यातून होऊ नये, असे तो सांगत होता. ग्रंथालय म्हणजे वर्ग नव्हे आणि जेवणावळ म्हणजे लैंगिक शिक्षण नव्हे, अशा शंका काढणारी माणसे सगळीकडे असतातच, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. त्या काळी यूटात दोन स्त्रियांना लग्न करता येत नव्हते आणि लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या जोडप्याला मूल दत्तक घेता येत नव्हते. म्हणजे कुटुंबाची वाट कायद्याने आधीच अडवलेली होती, राहिले होते ते चित्र.

एवढे करूनही नोव्हेंबर २०१२ मध्ये एका आईने दावा लावला आणि जानेवारी २०१३ मध्ये पुस्तक निमूटपणे शेल्फवर परतले. आपल्याला अधिक पक्का बंदोबस्त हवा असल्यास हंगेरीकडे पाहावे. तेथे २०२१ पासून अशी बालपुस्तके बंद वेष्टनातच विकावी लागतात, आणि शाळा किंवा चर्चपासून २०० मीटरच्या आत तर विकताच येत नाहीत. मोजपट्टी विकणाऱ्यांचे भले झाले असेल.

आता एकच अडचण उरते. उद्या अशाच घरातली एखादी दत्तक मुलगी काउंटरपाशी येऊन स्वतःच्या घरासारख्या घराचे पुस्तक मागेल. तेव्हा परवानगीच्या चिठ्ठीवर एका आईची सही पुरेल की दोघींची लागेल, हे नियमावलीत आधीच लिहून ठेवावे.