कोलवाळच्या फाटकापाशी केक पोचतो, हमीदार पोचत नाही

डिसेंबर लागला की गोव्यातल्या पॅरिशींमध्ये, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजात, दानाची लगबग सुरू होते. कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात केक आणि कॅरल, वृद्धाश्रमात चादरी, वाड्यावरच्या गरजूंना तांदूळ-साखरेची पिशवी, एखाद्या अपंग माणसाला समारंभात व्हीलचेअर. हे सगळं मनापासून होतं आणि ते थांबावं असं मी म्हणणार नाही. सणाच्या दिवशी तुरुंगात कुणीतरी भेटायला येतं, नाव विचारतं, याचं मोल आत बसलेल्यालाच कळतं. पण वस्तू पोचवली की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो आणि माणूस तिथेच राहतो. मला वाटतं, पॅरिशच्या प्रत्येक गटाने वर्षाला एक-दोनच माणसं घ्यावीत, पण त्यांचं काम तडीस न्यावं.

तुरुंगापासून सुरुवात करतो, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते.

देशातल्या कैद्यांपैकी साधारण चारांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही. त्यांतल्या कित्येकांना जामीन मिळालेला असतो, तरीही ते आतच असतात. कारण जामिनाचा हुकूम हा नुसता कागद आहे. त्यानंतर हमीदार लागतो, म्हणजे हा तारखेला हजर राहील अशी हमी घेणारा माणूस, आणि गोव्यात तो स्थानिकच हवा अशी अट पुष्कळदा पडते. बांधकामावर आलेला गदग-विजापूरचा मजूर किंवा हॉटेलात भांडी घासणारा झारखंडचा पोरगा इथला हमीदार आणणार कुठून? खोलीमालक फोन उचलत नाही, ठेकेदार ओळख देत नाही.

इथे पॅरिशचा माणूस खूप काही करू शकतो, आणि त्यासाठी वकील असावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये याच अडचणीवर निर्देश दिले आहेत. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायला हवं. महिनाभरात जातमुचलका (कैद्याने स्वतः लिहून द्यायचं हमीपत्र) किंवा हमी भरली गेली नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक हमीदाराच्या अटीमुळे सुटका रखडते, म्हणून ती अट घालू नये, असंही तिथे सुचवलेलं आहे. हे सगळं कागदावर आहे. ते हलवण्यासाठी कुणीतरी तारीख लक्षात ठेवून आठव्या दिवशी पणजी किंवा मडगावच्या विधी सेवा कार्यालयात जाऊन विचारायला हवं. बस्स, तेवढंच. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिलेलाच आहे, त्यामुळे फीचा प्रश्न येत नाही.

भेटीला जाताना प्रत्येकाच्या वहीत या गोष्टी असाव्यात: कैद्याचं आरोपपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव, खटला क्रमांक, न्यायालय, अटकेची तारीख, पुढची तारीख, जामीन झाला असेल तर रक्कम आणि अटी. दोन नावं वेगळी लिहायला मी मुद्दाम सांगतो आहे. पोलीस ठाण्यात ऐकून लिहिलेलं आडनाव आणि आधारवरचं स्पेलिंग जुळलं नाही तर सुटकेचा आदेश तुरुंगाच्या टेबलावर अडकतो. तसंच दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यातही कोठडी बाकी आहे का, हे आधी विचारून घ्यावं. एकात जामीन झाला म्हणून घरच्यांना बोलावून घ्यायचं आणि दुसऱ्यात तो अडकलेला निघायचा, यात कुटुंबाचे दोन दिवसांचे पगार आणि गाडीभाडं जातं.

अटकेची तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला मुचलक्यावर सोडायचं आहे. बाकीच्यांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडचण येते. हिशेब साधा आहे: तीन वर्षं कमाल शिक्षा असेल तर पहिल्या गुन्ह्याच्या माणसाचा दिवस बारा महिन्यांनी येतो. वहीत तो दिवस लिहून ठेवा आणि पंधरा दिवस आधीच आठवण करून द्या.

पैशाचंही तसंच. गरीब कैद्यांच्या मदतीसाठी केंद्राची योजना आहे. तिच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत जिल्हा समिती मंजूर करू शकत होती. अमली पदार्थांच्या खटल्यांना ती मिळत नाही, आणि गोव्यात असे खटले बरेच, हे ध्यानात घेऊनच आशा दाखवावी. पॅरिशचा निधी आधी या योजनेत न बसणाऱ्यांसाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

आणि काही गोष्टी अजिबात करू नयेत. कैद्याचा निरोप किंवा चिठ्ठी बाहेर नेऊ नये, ती कितीही निरुपद्रवी वाटो. गुन्हा काय केला हे विचारू नये. "तुला सोडवतो" असं म्हणू नये. "तुझी तारीख मी पाहीन" एवढंच म्हणावं आणि ते पाळावं. स्वयंसेवकांची नावं आणि ओळखपत्रं आधीच कळवून परवानगी घ्यावी. द्यायच्या वस्तूंची यादी कार्यालयातून मंजूर करून घ्यावी, कारण बाहेरचं शिजवलेलं अन्न, काचेच्या बाटल्या, पट्टे, नाडीचे कपडे फाटकावरूनच परत येऊ शकतात. खरोखर उपयोगी पडतं ते साधंच असतं: रबरी चपला, आतले कपडे, खरजेचं मलम डॉक्टरांमार्फत, आणि चाळिशीपुढच्यांसाठी वाचायचे चष्मे. दीड ते अडीच नंबरचे डझनभर चष्मे नेले तर आपलंच आरोपपत्र कधीही न वाचू शकलेला माणूस ते पहिल्यांदा वाचतो.

ही कल्पना नवी नाही, आणि बाहेरचीही नाही. 1498 साली लिस्बनला सुरू झालेल्या मिझेरिकॉर्दिया या बंधुसंघाची शाखा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गोव्यात आली. तिच्या कामांत कैद्यांना अन्न पुरवणं होतं, तसंच त्यांच्या खटल्याचा पाठपुरावा करणंही होतं. त्यासाठी संघातले बंधू नेमलेले असायचे, 'मोर्दोमु', कैद्यांचे कारभारी. म्हणजे भाकरी आणि खटला ही एकाच संघाची जबाबदारी होती. त्याच जुन्या गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाच्या आरोपांवरून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, तुरुंगही होता. तो इतिहास झाकून मिझेरिकॉर्दियाचं कौतुक करणं खोटेपणाचं ठरेल. पण कारभारी नेमण्याची ती रीत चांगली होती, आणि आज आपल्या गटांत नेमकी तीच नाही.

व्हीलचेअरकडे वळतो, कारण इथे चांगल्या हेतूने माणसाला इजा होते.

समारंभात दिली जाणारी खुर्ची बहुधा एकाच मापाची, अठरा इंच रुंद बसण्याची, घडीची, लोखंडी. ज्या बाईच्या कुल्ल्यांची रुंदी बसल्यावर तेरा-चौदा इंच भरते, ती त्यात एका बाजूला कलंडते, पाठीचा कणा वाकतो आणि एकाच कुल्ल्यावर भार येतो. माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. माणूस सरळ बसलेला असताना कुल्ल्यांच्या सर्वांत रुंद जागेचं माप म्हणजे बैठकीची रुंदी, त्यात बोटभरच सूट. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतच्या मापातून दोन-तीन बोटं वजा केली की बैठकीची खोली. ती जास्त झाली तर कड पोटरीला रुतते आणि माणूस पुढे घसरत जातो. पायपट्टी इतक्या उंचीवर हवी की मांडी पूर्ण टेकेल. पाय लोंबकळले तर माणूस पुढे घसरतो आणि भार शेपटीच्या हाडावर येतो.

उशी नसलेली व्हीलचेअर देऊच नये, हे माझं ठाम मत आहे. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना दुखतच नाही, म्हणून जखम कळते तेव्हा ती हाडापर्यंत गेलेली असते. दोन-तीन इंच जाडीची, लवकर न दबणारी फोमची उशी, वरून धुता येईल असं कापड, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून भार काढण्याची सवय घरच्यांना शिकवावी. रात्री बसण्याच्या जागेची कातडी आरशाने पाहावी. लाल डाग अर्ध्या तासात मावळला नाही तर त्या जागेवर पुन्हा बसवायचं नाही आणि आरोग्य केंद्रात न्यायचं.

मग घर. आपली जुनी घरं ओलीमुळे उंच जोत्यावर बांधलेली, पुढे बलकांवाला, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीला, तीन-चार पायऱ्या. उताराचं प्रमाण एकास बारा हवं: पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला 1.8 मीटर लांब उतार, तीन पायऱ्यांना 5.4 मीटर. इतकी जागा नसते म्हणून गवंडी जागेत बसेल तसा उभा उतार बांधून देतो, आणि पहिल्याच पावसात त्यावर शेवाळ धरतं. रुंदी निदान 90 सेंटिमीटर, दोन्ही कडांना छोटा कठडा, पृष्ठभागावर आडवे ओरखडे, आणि लांबी मावत नसेल तर मध्ये सपाट जागा ठेवून वळवावा. न्हाणीघराचं दार तर मोजायलाच हवं. अठरा इंची खुर्ची बाहेरून सव्वीस इंच भरते आणि न्हाणीचं दार पुष्कळ घरांत चोवीस. चर्चलाही हे लागू आहे. पुढच्या पायऱ्यांवरून चार जणांनी उचलून नेणं दिसायला प्रेमाचं असतं, पण बाजूचं सॅक्रिस्टीकडचं, म्हणजे पाद्रीच्या तयारीच्या खोलीकडचं, दार बहुधा कमी उंचीवर असतं. उतार तिथे करा, म्हणजे माणूस आपल्या हाताने आत येईल.

दुरुस्तीचे पैसे खुर्चीच्या पैशांबरोबरच बाजूला काढावेत. दमट हवेत बेअरिंग गंजतात, पुढची छोटी चाकं मातीने आणि केसांनी जाम होतात. टायरमधली हवा कमी झाली की ब्रेक लागत नाही, कारण तो टायरवर दाबून थांबवतो. हे घरच्यांना ठाऊक नसतं, ते ब्रेक बिघडला समजून खुर्ची कोपऱ्यात लावतात. चोवीस इंची मागच्या चाकाची ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. एक हवेचा पंप, पाना आणि ग्रीसची डबी पॅरिशमध्ये ठेवा आणि महिन्यातल्या एका रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सगळ्यांच्या खुर्च्या तपासा.

कागदांबद्दल थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. मानसिक आजार त्यात मोडतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत, मुलगा लंडनला आणि घर मोठं म्हणून ते खाऊनपिऊन सुखी असतील असं धरू नका. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे पैसे बंद पडतात ते बहुधा हयातीचा दाखला वेळेत न दिल्याने. तो एक दाखला भरून देणं दहा पिशव्या तांदळाहून मोठं आहे.

धर्माचा मुद्दा टाळता येणार नाही. ख्रिस्ती संस्था तुरुंगात किंवा गरिबाच्या दारात गेली की शंका घेतली जाते, आणि ती दूर करण्याची जबाबदारी आपलीच आहे. मदतीच्या वेळी प्रार्थनापत्रक हातात देऊ नये. प्रार्थनेची वेळ वेगळी, ज्याला यायचं तो येईल. सेवा ही माणसं आपल्याकडे ओढण्याचं साधन नव्हे, असं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या पहिल्याच विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात, स्पष्ट लिहिलं आहे. आपले बाणावलीचे संत जुझे वाझ श्रीलंकेतल्या कँडीला पोचले तेव्हा हेर समजून त्यांना तुरुंगात टाकलं होतं. पुढे 1697 च्या देवीच्या साथीत त्याच शहरात घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. बायबलात मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तुरुंगात भेटीला जाण्याचं जे सांगितलं आहे, तिथेही कैद्याच्या धर्माची किंवा निर्दोषत्वाची अट नाही.

पुढचा नाताळ यायच्या आधी, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, चर्चमध्ये कारागृह सेवेचा दिवस पाळला जातो. त्या दिवशीची दानपेटी उघडल्यावर एक गोष्ट ठरवून टाका: सुटकेची पिशवी. सुटकेचा आदेश पोचून नोंदी होईपर्यंत संध्याकाळ होते. माणूस फाटकाबाहेर येतो तेव्हा त्याचा मोबाईल आणि आधार पुष्कळदा पोलिसांकडे जप्तीत असतात, खिशात बसभाडं नसतं, घरचा नंबर पाठ नसतो. पिशवीत एक साधा शर्ट-पँट, पाण्याची बाटली, बिस्किटं, औषधं चालू असतील तर आठवड्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, पुढच्या तारखेचा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद, विधी सेवा कार्यालयाचा पत्ता आणि सुटे पाचशे रुपये. म्हापशाची शेवटची बस गेलेली असली तर त्याला थिवीं स्टेशनपर्यंत सोडायला एक दुचाकी, आणि जनरलचं तिकीट काढून गाडी येईपर्यंत फलाटावर सोबत बसायला एक माणूस. न्यायालयाने गोवा सोडायची मनाई केली असेल तर तिकीट काढू नका. त्याच्यासाठी म्हापशात आठ दिवसांची खोली आधी बघून ठेवा.