त्यांचं कोण करतं?

आमच्याकडं लग्नात, मयतीला, एसटी स्टँडवर, कुठंही दोन बायका भेटल्या आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की एकच प्रश्न येतो. "त्यांचं कोण करतं?" काय करतं, हे कुणी विचारत नाही. न्हाऊ घालणं, कपडे बदलणं, संडासला नेऊन आणणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं त्या 'करणं'मध्ये आलं. समोरची म्हणते, "सून करती," किंवा "कोण करतंय बाई!" आणि विषय संपतो.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी फिरताना कळलं की कागदावर ह्या शब्दाला जागा नाही. तिथं टक्के असतात.

अण्णा 63 वर्षांचे. साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा पडायच्या आधी वजन सांगायचे, आणि फरक पडला तर गाडीवाल्याशी नाही, काट्याशी भांडायचे. सहा वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. पार्किन्सन्स निघाला, अंग थरथरण्याचा आणि ताठरण्याचा आजार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं पूर्वीच्या सात प्रकारांचे 21 केले, त्यात हा आजार आला. म्हणून आपण दाखला काढू शकतो, हे मी ज्या वकिलांकडं टायपिंग करते त्यांनी सांगितलं.

दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी आई पहाटे चारला उठली. अण्णांची दाढी केली, अंघोळ घातली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बटणं लावली. नऊला गोळी दिली, म्हणजे अकरापर्यंत चढते आणि माणूस जरा सैल होतो. नवरदेव निघावा तसे अण्णा निघाले. नंबर लागला तेव्हा गोळी बरोब्बर भरात होती. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. चालले. हात वर करा. केले. स्वतःचं स्वतः करता ना सगळं?

"माझं मी करतो की साहेब. काय अडत न्हाई."

मी तोंड उघडणार तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं. बाहेर भिंतीला टेकून सव्वाशे माणसं उभी असताना कुणाला काय विस्तारानं सांगणार? डॉक्टरांचंही चुकलं म्हणता येत नाही. त्यांनी विचारलं, माणसानं उत्तर दिलं. टक्के आले 45.

घरी आल्यावर मी अण्णांवर चिडले. "अंघोळ तुमची तुम्ही करता? कधीपासनं?" अण्णा गप्प. आईच मध्ये पडली. "चार माणसांत काय सांगायचं मग त्यांनी? बायकू धुती म्हणून?"

आता ह्याला काय उत्तर आहे. ज्या माणसाच्या आकड्यावर अख्ख्या गावचं बिल निघायचं, त्यानं परक्या माणसासमोर, मुलीच्या देखत, नाडी बांधता येत नाही हे कबूल करायचं. खोटं बोलून पैसे उकळणाऱ्यांबद्दल आपल्याकडं खूप बोललं जातं. खोटं बोलून स्वतःचं नुकसान करून घेणारी माणसं त्याच रांगेत उभी असतात, त्यांच्याबद्दल मी कुठं वाचलं नाही.

नाडीवरून आठवलं. हाताचं अपंगत्व मोजायच्या केंद्र सरकारच्या 2018 च्या (2024 मध्ये सुधारलेल्या) मार्गदर्शक सूचना मी ऑफिसात बसून वाचल्या. त्यात हाताच्या दहा कामांची यादी आहे, प्रत्येकाला 9 टक्के. डोक्याच्या वर ठेवलेली वस्तू काढून परत ठेवणं, नाकाला हात लावणं, आपल्या पद्धतीनं हातानं जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, शर्ट किंवा कुर्ता चढवणं, शौचानंतर धुणं, पेलाभर पाणी पिणं, बटण लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं, लिहिणं. वाचून मला इतकं बरं वाटलं! दिल्लीतल्या कागदात नाडी आहे, वेणी आहे. कुणीतरी आपल्या घरात डोकावून लिहिलंय. पण 'करता येतं का' एवढंच तिथं विचारलंय. किती वेळात, दिवसातल्या कुठल्या तासाला, शेजारी कोण उभं राहिल्यावर, हे नाही. अण्णांच्या पायजम्याला आईनं दोन वर्षांपूर्वीच नाडी काढून इलॅस्टिक घातलं. आता ते पायजमा घालतात. म्हणजे नाडी बांधता येते का?

त्या रात्री मी दोनशे पानी वही काढली आणि आठवडाभर माहेरी राहून नुसतं लिहीत गेले. आई अण्णांचं काय काय करते.

लिहायला लागल्यावर माझेच डोळे उघडले. कारण निम्म्या गोष्टी मला आजवर दिसल्याच नव्हत्या. सकाळी पहिली गोळी लागू पडेपर्यंत अण्णा लाकडासारखे असतात. आई त्यांना खांद्याला नाही, कमरेला धरून उठवते, खांदा ओढला की दुखतो म्हणून. बटणं ती लावते तेव्हा एक मिनिट, अण्णांनी हट्ट केला तर अकरा मिनिटं आणि एक बटण तरी चुकीच्या काजात. चहा अर्धाच कप, दोनदा. भाकरी आमटीत कुस्करून, आणि जेवताना ती समोर बसून राहते. मी विचारलं, तू का बसतेस, तुझं काम आवर की. म्हणाली, "घास अडकतो कवाकवा." म्हणजे ती काही करत नाही, नुसती बघत बसते, पण उठून जाऊ शकत नाही. हे वहीत कुठल्या खान्यात लिहायचं?

सगळ्यात नवल उंबऱ्याचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अण्णांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, ओढलं तर पडतील. आई काय करते, त्यांच्या पायापुढं आपला पाय आडवा धरते. तो ओलांडायला म्हणून अण्णा पाऊल उचलतात आणि चालू पडतात. फिजिओथेरपीवाल्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ही शास्त्रातली युक्ती आहे, आम्ही जमिनीवर पट्ट्या चिकटवायला सांगतो. आईला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि रात्र. झोपेत कूस बदलता येत नाही. अण्णा हाक मारत नाहीत, नुसतं खाकरतात. आई उठते, वळवते, पांघरूण घालते, कधी लघवीचं भांडं देते. वहीत लिहिलं, रात्री 3 वेळा.

वही आईला वाचून दाखवली तर तिला हसू आलं. "ह्याला मदत म्हणत्यात व्हय? संसार हाय त्यो." तिथंच तर घोळ आहे. जे बायकोनं केलं, सुनेनं केलं, ते आपल्या हिशेबात धरतच नाहीत. तेच बाई ठेवून केलं असतं तर महिन्याला किती जातात, ते सांगलीत पेशंटसाठी चोवीस तासांची बाई शोधणाऱ्यांना विचारा.

माझ्या आतेबहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिला व्हॉट्सॲपवर हे सांगितलं तर तिनं तिकडच्या ॲटेंडन्स अलाउन्सबद्दल, म्हणजे दुसऱ्यानं 'करावं' लागणाऱ्यांच्या सरकारी भत्त्याबद्दल, भरभरून सांगितलं. 1971 पासून आहे, आता तो पेन्शनच्या वयाच्या लोकांना मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. आणि प्रश्न टक्क्यांचा नाहीच. शरीराच्या कामांसाठी दिवसभरात वरचेवर कुणाची मदत लागते का, रात्री लागते का, धोका होऊ नये म्हणून कुणी लक्ष ठेवावं लागतं का, हे बघतात. मदत 'मिळते' का हे नाही, 'लागते' का. एकटा राहणारा म्हातारा कसंबसं स्वतःचं उरकत असला तरी त्याला ती लागते, असं धरतात. घास अडकेल म्हणून समोर बसणं तिकडं मोजतात हो!

शरीराची कामं म्हणजे कुठली, ह्यावरही तिकडं कोर्टकज्जे झालेत. 1981 च्या एका निकालात लॉर्ड डेनिंग ह्या न्यायाधीशांनी मोजून दाखवलं: श्वास, ऐकणं, बघणं, खाणं, पिणं, चालणं, बसणं, झोपणं, अंथरुणातून उठणं, कपडे घालणं, उतरवणं, मलमूत्र. स्वयंपाक आणि बाजारहाट नाही, कारण ते बायको किंवा मुलगी घरकाम म्हणून करतेच. हे वाचून मी मोठ्यानं हसले. साहेबाच्या देशातसुद्धा शेवटी तिथंच येऊन थांबलं, 'ते काय घरातलंच आहे'! तरी एक फरक मला पटतो. भाकरी थापणं सगळ्या घरासाठी असतं. ती कुस्करून एका माणसासमोर बसून राहणं त्या माणसासाठी असतं.

आपल्याकडं कायद्यात काहीच नाही असं समजू नका. 2016 च्याच कायद्यात कलम 38 आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाच्या ज्या माणसाला रोजच्या कामांसाठी जास्त आधार लागतो, तो स्वतः किंवा त्याच्या वतीनं दुसरं कुणी अर्ज करू शकतं, आणि मंडळानं त्याची तपासणी करायची. कलम 24 मध्ये अशा माणसांसाठी काळजीवाहक भत्त्याचं नाव घेतलंय. आणि काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडील, घरचे लोक, पैसे घेऊन किंवा न घेता करणारे, सगळे आहेत. म्हणजे माझी आई कायद्यात आहे. पण मी ज्या ज्या टेबलावर कलम 38 चा अर्ज मागितला, तिथं मला संजय गांधी निराधारचा फॉर्म देण्यात आला. त्या योजनेत दिव्यांगांना महिना 1500 मिळायचे, 2025 च्या ऑक्टोबरपासून 2500 झाले. मिळतात त्यांना मिळू देत, पण ते निराधाराचे आहेत. करणाऱ्याचा हिशेब त्यात नाही.

मी हे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं तर एका काकांचा लगेच मेसेज. "पैशासाठी बापाला पांगळा दाखवणार का?" काका, अण्णांना पांगळं दाखवायचं नाही. गोळी चुकवून नेण्याचा सल्ला पण एकानं दिला, तोही ऐकणार नाही, तसं कुणी करू नका, माणूस पडतो. मला फक्त अकरा वाजताचे अण्णा नाही, पहाटे पाचचे अण्णाही कागदावर यायला हवेत. आणि तुमच्या घरात असं कुणी असेल तर बोर्डाला जायच्या आधी आठवडाभर लिहून काढा. काय, किती वेळा, किती मिनिटं, रात्री काय, आणि तुम्ही घरात नसलात तर काय होतं. 'करता का' ह्याला 'हो' म्हणायच्या आधी 'कसं' ते सांगा. पेशंट सांगणार नाही, त्याच्याशी आधी घरात बोला. आम्ही बोललो नव्हतो.

टक्क्यांची फेरतपासणी मागायचा अर्ज केलाय. तारीख आली नाही अजून. वही मी अण्णांच्या उशाशीच ठेवली होती, म्हटलं वाचतील, रागावतील, फाडून टाकतील. दोन दिवस त्यांनी हात लावला नाही. काल सकाळी उघडली तर 'रात्री 3 वेळा' ह्यातला 3 खोडलेला. शेजारी अण्णांचं अक्षर, आजारानं मुंगीएवढं झालेलं, भिंग लावून वाचावं असं. '4. एकदा ती झोपलेली होती, मी उठवलं नाही.'