ज्या पलटणीला आपण मानाने निरोप दिला, ती तिच्याच देशाने मोडली

आज सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या पुतण्याने एक लांबलचक मजकूर पाठवला. मराठा, शीख, डोग्रा, राजपूत ही रेजिमेंटांची नावे इंग्रजांनी मागे ठेवलेली आहेत, ती पुसून सगळ्या पायदळाला नुसते क्रमांक द्यावेत, असा त्याचा आशय होता. खाली त्याने स्वतःची भर घातली होती की, खुद्द इंग्रजांनीच आपल्या जुन्या रेजिमेंटा मोडून एकत्र केल्या, मग आपण त्या का कवटाळून बसायचे? त्याला चार ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून इथे लिहीत आहे.

इंग्रजांनी मोडल्या हे खरे आहे. पण कशा मोडल्या आणि त्यात त्यांच्या हाती काय उरले, हे त्याने वाचले असते तर हे उदाहरण दिले नसते.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून ब्रिटिश पायदळाची शेवटची तुकडी समुद्राकडे गेली. ती सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. भारतीय सैन्याच्या तुकड्यांनी तिला मानवंदना दिली, गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट दिली, आणि पलटणीची निशाणे कमानीतून मिरवत नेण्यात आली. ज्यांच्याविरुद्ध आपण पिढ्यान्‌पिढ्या लढलो, त्यांच्या सैनिकांना आपण असा निरोप दिला, याचा मला अभिमान वाटतो. ते परक्या सत्तेचे सैनिक होते आणि त्यांचे जाणे न्याय्यच होते, याबद्दल माझ्या मनात कोणताही किंतु नाही. माझ्या मित्रमंडळींच्याही मनात नसेल.

ही पलटण १६८५ साली, इंग्लंडच्या राजाविरुद्ध मॉनमथच्या ड्यूकने केलेले बंड मोडण्यासाठी, अर्ल ऑफ हंटिंग्डनने उभी केली होती. पुढे ती तेरावी रेजिमेंट झाली, १८२२ मध्ये लाइट इन्फंट्री, म्हणजे हलके पायदळ, झाली, आणि १८४१-४२ च्या हिवाळ्यात अफगाणिस्तानातील जलालाबादचा पडका कोट तिने रॉबर्ट सेलच्या नेतृत्वाखाली लढवला. काबूलहून माघारी निघालेल्या ब्रिटिश सैन्याची वाताहत झाल्यावर त्यातून वाचलेला लष्करी डॉक्टर ब्रायडन घायाळ अवस्थेत, थकलेल्या घोड्यावरून, १३ जानेवारी १८४२ रोजी ज्या तटापाशी पोहोचला, तो तट याच पलटणीने डागडुजी करून उभा केला होता. फेब्रुवारीत भूकंपाने तो पुन्हा ढासळला, तो यांनी पुन्हा बांधला, आणि ७ एप्रिलला बाहेर पडून वेढा घालणाऱ्या अफगाण सरदार अकबर खानाच्या फौजेला हरवले. तेव्हापासून तटाच्या आकाराचा मुकुट आणि जलालाबादचे नाव तिच्या बिल्ल्यावर आले. इंग्लंडमधील टॉन्टन गावातल्या तिच्या बराकींनाही जलालाबाद हेच नाव होते.

अशा पलटणीचे पुढे काय झाले? गेटवेवरच्या निरोपानंतर बारा वर्षांच्या आत ती संपली. १९५७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी सक्तीची लष्करभरती बंद करण्याचे आणि सैन्य लहान करण्याचे धोरण आणले. त्याच्या कात्रीत ही पलटण ६ ऑक्टोबर १९५९ रोजी ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीबरोबर विलीन होऊन ‘सॉमरसेट अँड कॉर्नवॉल लाइट इन्फंट्री’ झाली. नव्या नावाची सवय होते न होते तोच १९६८ मध्ये यॉर्कशर, श्रॉपशर आणि डरहॅमच्या लाइट इन्फंट्री रेजिमेंटांबरोबर तिचा समावेश ‘द लाइट इन्फंट्री’ या मोठ्या रेजिमेंटमध्ये झाला आणि सॉमरसेटचे नावच गळाले. त्यानंतर डिसेंबर २००४ मध्ये संरक्षणमंत्री जेफ हून यांनी पायदळाच्या चाळीस बटालियन छत्तीसवर आणण्याची घोषणा केली, आणि १ फेब्रुवारी २००७ रोजी लाइट इन्फंट्रीही मिटून ‘द रायफल्स’ उभी राहिली. रायफल रेजिमेंट निशाणे बाळगत नाहीत. म्हणजे मुंबईत जी निशाणे कमानीतून मिरवली गेली, त्यांचा वारसा आता अशा रेजिमेंटकडे आहे की जिला निशाणच नाही.

हे लिहिताना मला माझे मामा आठवत आहेत. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर बरीच वर्षे लोटल्यावर एकदा ते बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधून परत येत असताना मिरज स्टेशनवर तापाने फणफणले. बाकावर शेजारी रजेवर चाललेला एक जवान होता. मामांनी सवयीने त्याला पहिला प्रश्न विचारला, “पलटण कुठली?” दोघांची पलटण एकच निघाली. त्या मुलाने आपली गाडी सोडली, मामांना दवाखान्यात नेले आणि आम्ही पोहोचेपर्यंत तो त्यांच्या उशाशी बसून राहिला. मी आभार मानू लागले तेव्हा तो संकोचून एवढेच म्हणाला, “ताई, ते आमच्या पलटणीचे आहेत.” त्याचा जन्म झाला तेव्हा मामा निवृत्तही होऊन गेले होते.

मला पुतण्याला विचारायचे आहे की, मामांची पलटण मधल्या काळात तीनदा विलीन झाली असती, तर त्या बाकावर त्यांनी कोणते नाव सांगितले असते आणि त्या मुलाला त्यातून काय ओळखू आले असते?

पुनर्रचना करणाऱ्यांची बाजू मला माहीत नाही असे नाही. एका जिल्ह्यातून पुरेशी मुले भरतीला येईनाशी झाली की लहान रेजिमेंट चालवणे कठीण होते, हे मान्य करावे लागते. आपली मराठा लाइट इन्फंट्रीसुद्धा तिच्या आजच्या रूपात १९२२ च्या पुनर्रचनेतूनच आली, हेही खरे. पण त्या पुनर्रचनेत जुन्या पलटणी एका छताखाली आल्या तरी बटालियन म्हणून जिवंत राहिल्या. १७६८ मध्ये उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीचा आणि काळी पाचवीचा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या या जुन्या बटालियनचा, माणूस आजही आपली ओळख त्याच नावाने सांगतो. स्वतंत्र भारताने लढाईचे सन्मान, पलटणीची नावे आणि परंपरा टिकवल्या, त्यात ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना आहे, आणि त्यामुळे आपले स्वातंत्र्य तसूभरही कमी झाले नाही. आपण राज्यकर्ते घालवले आणि पलटणी आपल्या केल्या. राज्यकर्त्यांनी मात्र स्वतःच्या घरी जाऊन स्वतःच्याच पलटणी खर्चाच्या वहीतल्या नोंदींप्रमाणे खोडून काढल्या.

ब्रिटनमध्येही सगळीकडे सारखे झाले नाही, हेही सांगायला हवे. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या रेजिमेंटा एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली; त्याआधी २००४ मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हाच लोक रस्त्यावर उतरले होते. ब्लॅक वॉच ही स्कॉटिश पलटण तेव्हा नुकतीच इराकमधून, आपली माणसे गमावून, परतली होती आणि त्याच आठवड्यात तिच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, याचा तिथल्या लोकांना जो संताप आला तो मला आज इतक्या दुरून पूर्णपणे समजतो. पलटण वाचली नाही, पण तिसऱ्या बटालियनच्या नावात ब्लॅक वॉच हे नाव राहिले. सॉमरसेटच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

याच ‘द रायफल्स’मध्ये आणखी एका पलटणीची परंपरा जाऊन मिसळली आहे. भारतात पाय ठेवणारी ब्रिटिश राजाची पहिली पलटण म्हणजे १७५४ मध्ये आलेली ३९ वी रेजिमेंट; प्लासीच्या लढाईत तिचे सैनिक होते आणि भारतात प्रथम, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद ती मिरवत असे. पुढे ती डॉर्सेट रेजिमेंट झाली, १९५८ मध्ये डेव्हनशर रेजिमेंटमध्ये मिसळली आणि २००७ मध्ये इथे पोहोचली. भारतात प्रथम आलेली आणि शेवटी गेलेली, अशा दोन्ही पलटणी आज एकाच नावाखाली नाहीशा झाल्या आहेत. त्या देशाच्या आपल्यावरील राज्याची सुरुवात आणि अखेर ज्या सैनिकांनी पाहिली, त्यांचा धागा त्यांच्याच नव्या रंगरुटांना संग्रहालयात जाऊन शोधावा लागत असेल, तर त्यापासून आपण काय शिकायचे?

आणि जलालाबादबद्दल बोलायचे तर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. त्या तटावर तेराव्या रेजिमेंटच्या बरोबरीने ३५ वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री लढली होती. तोच भूकंप, तीच उपासमार, तोच ७ एप्रिलचा हल्ला. १८५७ मध्ये इंग्रजांनी संशयावरून या पलटणीची शस्त्रे काढून घेतली आणि तिचा शेवट झाला. गोऱ्या पलटणीच्या बिल्ल्यावर निदान शतकभर जलालाबाद राहिले. आपल्या माणसांच्या पलटणीचे नाव त्यांच्या गावांतही आज कोणी घेत नसेल. पलटण मोडली की तिच्याबरोबर काय जाते, याचे याहून वेदनादायक उदाहरण मला सापडत नाही. माझ्या पुतण्याने ते वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सकाळी मी जितकी चिडले होते तितकी आता राहिलेली नाही. तो पंचवीस वर्षांचा आहे, मिरज स्टेशनवरच्या त्या प्रसंगाच्या वेळी त्याचा जन्मही झाला नव्हता, आणि जातीच्या व प्रांताच्या नावाने सैन्य ओळखले जाऊ नये ही त्याची तळमळ प्रामाणिक आहे. भरती सर्वांसाठी खुली असावी, या त्याच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. शस्त्रे बदलावीत, प्रशिक्षण बदलावे, बटालियनची रचना युद्धाच्या गरजेप्रमाणे बदलावी. नाव, निशाण आणि लढाईचे सन्मान यांना मात्र हात लावण्याआधी त्या पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसांना विचारावे. सॉमरसेटच्या माणसांना ते कोणी विचारले नाही.

माझ्या मित्रयादीत सैनिकी घराण्यांतले बरेच जण आहेत. साताऱ्याकडचे, कोकणातले, बेळगावचे. तुमच्या घरात कोण कोणत्या पलटणीत होते आणि ती पलटण पूर्वी कोणत्या नावाने ओळखली जाई, ते इथे लिहा. ते सगळे मी पुतण्याला वाचायला देणार आहे.